भिंतीला पोट आलंय: आधी टाक्या रिकाम्या करा, मग गवंडी बोलवा

सोलापूरच्या साखर पेठेतून एका ताईंनी लिहिलंय:

"आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, दगड-मातीचं. वाटणीत माजघर मोठ्या दिरांकडे गेलं आणि मागचा भाग आमच्याकडे आला. मधलं दार तेव्हाच विटांनी बुजवलं. आम्ही २००९ साली आमच्या बाजूचं माळवद (तुळयांवरचं मातीचं छत) उतरवून स्लॅब टाकला, त्यांच्याकडे अजून माळवदच आहे. दोन्ही घरांमधल्या या दीड फुटी भिंतीनं आमच्या स्वयंपाकघराच्या बाजूला पोट काढलंय. दोन वर्षांपूर्वी ओट्याचं काम करताना गवंड्यानं दाखवलं तेव्हा जेमतेम जाणवत होतं, आता दारातून बघितलं तरी दिसतं. भिंतीतल्या फडताळाचं दार लागेनासं झालंय. यजमान म्हणतात, जिप्समची शीट मारू, म्हणजे दिसणार नाही. गवंडी म्हणतो, सगळा गिलावा पाडून नवा करून देतो. दिरांना विचारलं तर म्हणाले, पोट तुमच्याकडं आलंय तर खर्चही तुमचाच. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. शेजारी यंत्रमाग चालतात, त्यांच्या हादऱ्यानं झालं असेल का? पाणी चार-पाच दिवसांआड येतं म्हणून भिंतीच्या वरच गच्चीवर हजार लिटरच्या दोन टाक्या ठेवल्यात, दुसरी तीन वर्षांपूर्वी घेतली. पावसाळा सुरू झालाय, काय करावं सुचत नाही."

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट अगदी शेवटी आली आहे. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. दोन्ही टाक्या भरल्या की दोन टन ओझं त्या भिंतीच्या डोक्यावर बसतं. बाकी सगळा विचार नंतर करू. आज पहिलं काम दोन्ही टाक्या रिकाम्या करायचं. पाणी गच्चीवर सोडून देऊ नका. पाइप लावून खाली पिंपांत, हौदात उतरवा. मग रिकाम्या टाक्या अंगणात जमिनीवर आणून ठेवा. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या घरात वरची टाकी बंद करणं म्हणजे घरातल्या बाईच्या कमरेवर बादल्यांचं ओझं, हे मला चांगलं कळतं. तरीही भिंतीचं खरं काय ते कळेपर्यंत दुसरा इलाज नाही. घरातले पुरुष आणि मुलं यांनी पाणी भरायच्या पाळ्या लावून घ्याव्यात, हे इथे स्पष्टच लिहितो.

ज्यानं कुणी टाक्या भिंतीवर ठेवायला सांगितलं त्यानं तसं वावगं काही सांगितलं नव्हतं. टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवू नये, भिंतीवर ठेवावी, हा सल्ला बरोबरच आहे. पण तो धडधाकट भिंतीसाठी आहे. पोट काढलेल्या भिंतीला तो लागू नाही.

दुसरं काम, तेही आजचंच: त्या भिंतीलगत कुणी झोपत असेल, पाळणा किंवा खाट असेल, तर जागा बदला. दिरांच्या माजघरातही. तुमच्या पत्रावरून भिंत उद्याच पडेल असं मला वाटत नाही, पण दोन वर्षांत पोट डोळ्यांना दिसण्याइतकं वाढलंय, म्हणजे ती थांबलेली नाही.

आता यजमानांच्या जिप्सम शीटबद्दल. घरात लग्न आहे, पाहुण्यांपुढे भिंत वाकडी दिसू नये असं वाटणं साहजिक आहे. पण शीटमागे पत्र्याचा सांगाडा भिंतीला ठोकावा लागेल, त्यासाठी ड्रिलनं पन्नास ठिकाणी भोकं पडतील, आणि काम झालं की त्या भिंतीकडून येणारी प्रत्येक खबर तुमच्यापर्यंत पोचायची बंद होईल. ओल आली, भेग रुंदावली, माती गळायला लागली, काही दिसणार नाही. समोरून चार इंची विटांची भिंत उभी करून देतो असंही कुणीतरी सुचवेल. तिच्यावर कसलाच भार येत नाही आणि मागच्या भिंतीला तिचा आधारही होत नाही. टाइल्सचं तेच. भिंत झाकणारा कुठलाही उपाय या घडीला करू नका.

गवंड्याच्या म्हणण्यात मात्र अर्धं तथ्य असू शकतं. कधीकधी भिंत जागच्या जागी असते आणि नुसता गिलावा सुटून फुगलेला असतो. बोटाच्या सांध्यानं किंवा किल्लीच्या मुठीनं ठोकून बघा. पोकळ, बद्द आवाज आला तर मागे जागा सुटली आहे. टणक आवाज आला तर गिलावा भिंतीला धरून आहे. पण गिलावा पोकळ निघाला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. दगड-मातीच्या भिंतीत कधी आतला दगड पुढे सरकून गिलाव्याला ढकलत असतो, तेव्हाही आवाज पोकळच येतो. आणि म्हणूनच सगळा गिलावा एका दमात पाडायचा नाही. काही ठिकाणी सैल झालेल्या दगडांना तोच धरून उभा असतो. बघायचंच असेल तर पोटाच्या कडेला, मधोमध नाही, वीतभर चौकोन हलक्या हातानं उघडा आणि आत काय आहे ते बघून फोटो काढून ठेवा.

भिंत आत कशी असते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट लक्षात येईल. तुमच्यासारख्या घरांची दीड-दोन फुटी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण असते दुपदरी. एक पदर या खोलीकडे तोंड केलेला, दुसरा त्या खोलीकडे. तोंड असलेले बरे दगड दोन्ही बाहेरच्या अंगांना आणि मधे कपच्या, मुरूम, माती असा भराव. दोन पदर एकमेकांना धरून राहावेत म्हणून अधूनमधून भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब दगड आरपार घालायचा असतो. अशा बांधकामासाठीच्या आयएस १३८२८ या भारतीय मानकात तो उभ्यात दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्यात १.२ मीटरच्या आत असावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात असे लांब दगड मिळवायला आणि घडवायला वेळ आणि पैसा लागतो, त्यामुळे पुष्कळ घरांत ते घातलेच गेले नाहीत. मग भरावात पाणी शिरलं की माती मऊ होते, खाली बसते, खालच्या भागात दाटते आणि दोन्ही पदरांना बाहेर रेटते. ज्या पदराला आधार कमी तो आधी पोट काढतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः याच प्रकारच्या घरांत. भिंतींचे पदर सुटून दोन बाजूंना पडले आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. त्या पहाटे सोलापुरातही घरं हादरली होती. तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. तुम्हाला भीती घालायला हे लिहीत नाही. सोलापूरच्या पेठांमध्ये अशी कितीतरी घरं आजही नांदती आहेत आणि नीट राखली तर पुढेही नांदतील. फक्त त्यांच्या भिंतीला पोट आलं तर ती गोष्ट दिसण्यापुरती राहत नाही, एवढंच.

म्हणून माप घ्यायचं. यासाठी गवंड्याचा ओळंबा लागेल, नाहीतर जाड दोऱ्याला वजनदार नट बांधला तरी चालतो. भिंतीत खिळा ठोकू नका. एकानं शिडीवर उभं राहून दोरा छताजवळ भिंतीपासून बरोबर ३ इंचांवर धरायचा. खालचं वजन पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडू द्या, म्हणजे ते हेलकावे खाणार नाही. दोरा स्थिर झाला की दुसऱ्यानं वरून खाली दर फुटाला दोरा ते भिंत हे अंतर पट्टीनं मोजायचं आणि लिहायचं. समजा वर ३ इंच आहे, छातीच्या उंचीला सव्वा इंच भरलं आणि जमिनीजवळ पुन्हा ३ इंच, तर पोट पावणेदोन इंचांचं. जमिनीजवळ अंतर ३ वर परत आलंच नाही तर भिंत नुसती फुगलेली नाही, कललीही आहे. भिंतीच्या लांबीत किमान तीन जागी असं मोजा: पोटाच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंना. कागदावर तारीख टाका.

आणि आता यातला सगळ्यात मोलाचा भाग, जो तुमच्या हातात नाही, दिरांच्या हातात आहे. हेच माप त्याच जागी माजघराच्या बाजूनंही घ्यायला हवं. माजघराच्या बाजूला भिंत तेवढीच आत गेली असेल, तर अख्खी भिंत एकत्र वाकली आहे. माजघराची बाजू सरळ सुतात असेल, किंवा तिकडेही उलट्या दिशेनं पोट आलं असेल, तर पदर एकमेकांपासून सुटले आहेत.

या दोन्हींत फरक केवढा, ते आकड्यांत सांगतो. भिंतीवरचा भार तिच्या जाडीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातून खाली उतरला पाहिजे, हा दगडी बांधकामाचा जुना नियम आहे. १८ इंची भिंत एकत्र असेल तर मधला हिस्सा ६ इंचांचा, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना ३-३ इंच मोकळीक. पण पदर सुटले की ती १८ इंची भिंत राहतच नाही, सात-आठ इंची दोन पातळ भिंती पाठीला पाठ लावून उभ्या राहतात. ८ इंची पदराला मोकळीक उरते ती मध्यापासून जेमतेम सव्वा इंच. तेव्हा पावणेदोन इंचांचं पोट एकसंध भिंतीला एकवेळ सोसेल, सुटलेल्या पदराला सोसणार नाही. हे ढोबळ गणित आहे, त्यावर विसंबून कुणी घर पाडू नये आणि कुणी निर्धास्तही राहू नये. पण एकाच बाजूनं भिंत बघून सल्ला देणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, हे मात्र त्यातून नक्की कळतं.

भिंत अजून सरकते आहे का, हे बघायला काचेची पट्टी वापरतात. भिंत आणि स्लॅब यांच्या सांध्यात किंवा बुजवलेल्या दाराच्या कडेला भेग असेल तर तिच्यावर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा, शेजारी तारीख लिहा. भिंत हलली की काच तडकते. बुजवलेल्या दाराच्या दोन्ही बाजूंना सरळ उभ्या, केसासारख्या बारीक भेगा असतीलच. दगडात विटा नीट सांधल्या जात नाहीत, म्हणून त्या पडतात. त्यांना घाबरू नका. त्या रुंदावल्या तर सांगा. फडताळाच्या दाराकडेही लक्ष द्या. दाराच्या कडेला जिथे घासतं तिथे लाकडावर ताजी, चकाकणारी रेघ उमटलेली असेल. तिच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करून ठेवा. महिन्याभरात ती रेघ लांबली तर चौकट अजून दबते आहे.

पाणी कुठून येतंय? मी सांगतो ते तपासून बघा. तुमचा स्लॅब आणि दिरांचं माळवद त्या भिंतीच्या माथ्यावरच एकमेकांना भेटतात. सिमेंट आणि माती यांचा सांधा कधीच एकजीव होत नाही. उन्हाळ्यात सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत स्लॅब ताणतो, माती आकसते, मधे फट पडते. स्लॅबवरचं पावसाचं पाणी त्या फटीतून थेट भिंतीच्या भरावात उतरतं. त्यात टाक्या भरून वाहत असतील तर बाराही महिने. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉलकॉक आहे का? नसेल किंवा बिघडला असेल तर तुमचं निम्मं उत्तर तिथेच आहे. शिवाय स्वयंपाकघराच्या बाजूला स्लॅबच्या वेळी सिमेंटचा गिलावा झाला असणार. मातीची भिंत आतली ओल बाहेर सोडत असते. सिमेंटचा घट्ट गिलावा तिचं तोंड बंद करतो, ओल आतच कोंडते आणि दगडांमधली माती लोण्यासारखी मऊ पडत जाते. गिलाव्यावर खाली पांढरा क्षार फुटलेला दिसत असेल तर त्याचंही कारण हेच.

मागांच्या हादऱ्याचं विचारलंत. मधला भराव आधीच सैल असेल तर रोजच्या हादऱ्यानं तो हळूहळू खाली बसतो, हे खरं. पण ते माग किती वर्षांपासून चालताहेत? तुमच्या लग्नाच्या आधीपासून असतील, तर भिंत एवढी वर्षं गप्प राहून याच दोन वर्षांत का फुगली? जे नवीन घडलं ते शोधायचं, आणि नवीन आहे ती दुसरी टाकी. शेजाऱ्याशी यावरून वाद घालू नका. घराखालच्या काळ्या मातीवरही सगळं ढकलायचं नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घरांना छळते, पण तिनं छळलेली भिंत सहसा कलते, तिला पायऱ्यांसारख्या तिरप्या भेगा पडतात, लगतची शहाबादी फरशी उचलते किंवा खचते. यातलं काही नसेल आणि नुसतंच छातीच्या उंचीला पोट असेल तर पायाकडे नंतर बघू.

या पावसाळ्यासाठी लगेच करायचं ते असं. गच्चीवरचा तो सांधा जाड ताडपत्रीनं झाका. तुमच्या बाजूला निदान चार फूट आणि दिरांच्या माळवदावर तेवढीच जाऊ द्या, कडेला विटा ठेवा, पण विटांची रास नको. सोलापुरात खरा जोर सप्टेंबरात आणि परतीच्या पावसात असतो, त्यामुळे मृग कोरडा गेला म्हणून ती काढून टाकू नका. सिंकचा पाइप याच भिंतीतून जात असेल तर त्याची गळती बघा. भिंतीवर नवी वायर, नवी पाइपलाइन यासाठी झिरी मारू नका. भिंतीलगत हौद किंवा शोषखड्ड्यासाठी खणू नका, लग्नाच्या तयारीत कुणी कितीही घाई केली तरी.

टेकू द्यायचा तो जाणकाराला बोलावूनच. सेंट्रिंगवाल्यांकडे लोखंडी जॅक भाड्यानं मिळतात. तुमच्या बाजूला भिंतीपासून दीड-दोन फुटांवर स्लॅबखाली लाकडी फळी, तिच्याखाली जॅक, आणि जॅकच्या खाली पुन्हा जाड फळी, नाहीतर फरशी फुटून जॅक खचेल. जॅक हातानं घट्ट बसेल एवढाच आवळायचा. स्लॅब वर उचलायचा नाही, उचललात तर तोच तडकेल. माजघराच्या बाजूला तुळयांची टोकं या भिंतीत गेली असतील, त्यांच्याखालीही तसेच टेकू हवेत. या टेकूंनी छताचा भार काढून घेतला जातो, पोट मात्र अडत नाही. त्यासाठी भिंतीला फळ्या लावून तिरपे टेकू द्यावे लागतात आणि ते कुठे, किती, हे इंजिनिअरनंच ठरवावं. पोट जॅकनं आत ढकलून भिंत सरळ करून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. मधल्या पोकळीत भराव खाली बसलेला आहे. दगड ढकलून त्याच जागी जात नाहीत, निखळतात.

रात्री भिंतीतून माती सरसरल्याचा आवाज आला, सकाळी भिंतीच्या बुडाशी फरशीवर मातीची बारीक रांग दिसली, काचपट्टी तडकली, तुळईचं टोक भिंतीतून बाहेर सरकलेलं दिसलं, किंवा कालपर्यंत उघडणारं दार आज अडकलं, तर दोन्ही बाजूंच्या खोल्या तिथल्या तिथे रिकाम्या करा. सामान काढायला आत जाऊ नका. महापालिकेला आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. आणि मातीच्या भिंती भर पावसातच पडतात असं नाही, पाऊस उघडून कडक ऊन पडल्यावरही पडतात. भिजलेली माती सुकताना आकसते आणि दगड सैल होतात. पाऊस थांबला म्हणून लगेच त्या खोलीत परत जाऊ नका.

इंजिनिअर कोणता? घरांचे नकाशे काढून देणारा नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा, आणि त्यानं जुनं दगडकाम हाताळलेलं हवं. महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरांची चौकशी करा. पुष्कळ घरं भीतीपोटी कुणाला बोलावतच नाहीत, महापालिकेची नोटीस येईल म्हणून. तुम्ही खासगी इंजिनिअर बोलावून तपासणी केलीत म्हणून आपोआप नोटीस येत नाही. उलट ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी मालकानं नोंदणीकृत इंजिनिअरकडून करून घ्यावी, अशी तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ मध्येच आहे. तुमचं घर त्या मर्यादेच्या केव्हाच पुढे गेलंय.

तो काय सांगेल ते त्याच्या पाहणीवर अवलंबून, पण दोन वाटा तुमच्या कानावर असू द्या. पोट थोडं असेल आणि वाढायचं थांबलं असेल तर भिंत टाचता येते. ठिकठिकाणी एक-एक दगड हळूच काढून आरपार भोक करतात, ते मधे अरुंद आणि दोन्ही तोंडांना थोडं रुंद ठेवतात, त्यात आकडे वळवलेली सळई घालून काँक्रीट भरतात. साधारण मीटर-मीटर अंतरावर, एकाखाली एक न येऊ देता. किल्लारीनंतर मराठवाड्यात घरं मजबूत करताना हीच पद्धत सांगितली गेली. यासाठी पहारीनं दणादण ठोकणारा माणूस चालत नाही, दगड हलवून-हलवून काढणारा जुना वडार गवंडी लागतो. एकावेळी एकच भोक, ते भरून घट्ट झालं की पुढचं. पोट आहे तेवढं राहतं, पण भिंत पुन्हा एक होते. त्यावर चुन्याचा गिलावा करा, सिमेंटचा नको. चुन्याची घाणी आता दिसत नाही, पण पोत्यातला विझवलेला चुना मिळतो आणि तो वापरणारे गवंडीही शोधले तर सापडतात.

पदर पूर्ण सुटले असतील तर पोटाचा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागेल. दोन्हीकडे टेकू देऊन, वरून खाली, एकावेळी तीन-चार फूट लांबीचा पट्टा. दगड तेच वापरायचे, फक्त या वेळी आरपार दगड घालायचे. काही इंजिनिअर तुमच्या बाजूला दोन कॉलम आणि एक बीम देऊन स्लॅबचा भार भिंतीवरून काढून घ्यायला सांगतील. चांगला उपाय आहे. मात्र कॉलमचे खड्डे काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत न्यावे लागतात आणि ते याच भिंतीच्या पायाजवळ पडतात, म्हणून एकावेळी एकच खड्डा, तोही कोरड्या दिवसांत.

आता दिरांबद्दल. पोट तुमच्याकडे आलं म्हणून भिंत तुमची होत नाही. त्यांच्या माळवदाच्या तुळया याच भिंतीवर टेकल्या आहेत. दहा बाय बाराच्या खोलीवर एक फूट मातीचा थर धरला तरी त्याचं वजन साडेपाच-सहा टन भरतं, आणि दर काही वर्षांनी वर पांढरी माती टाकत गेलं की तो थर फुटावर थांबत नाही. त्यातला जवळजवळ निम्मा भार ही भिंत उचलते. तुमच्या बाजूचा पदर गेला तर तुमचा स्लॅब कदाचित अधांतरी धरून राहील. माळवद धरून राहणार नाही. धोका त्यांच्या घराला जास्त आहे, हे त्यांना अजून कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. सांगायला तुम्ही एकट्या जाऊ नका आणि खर्चानं सुरुवात करू नका. आधी जाऊबाईंशी बोला, माजघरात कुठे झोपता ते विचारा. मग यजमानांनी ओळंबा घेऊन जावं आणि म्हणावं, "दादा, तुमच्या बाजूनं माप घ्यायचंय, दोरा जरा धरता का?" मोठ्या भावानं स्वतःच्या हातानं तो दोरा धरला आणि आकडे स्वतः वाचले की पुढचं बोलणं पुष्कळ सोपं जाईल.

खर्चाची वाटणी मला विचाराल तर भिंत आणि वरचा सांधा निम्मानिम्म, टाक्या हलवायचा खर्च तुमचा, माळवदाच्या डागडुजीचा त्यांचा. इंजिनिअरची फी आधी तुम्ही भरून टाका, ती मागत बसू नका. त्याचा लेखी अहवाल मात्र दोघांच्या नावानं घ्या. काम सुरू होण्याआधी दोन्ही खोल्यांचे फोटो काढा आणि कोण काय देणार हे साध्या कागदावर लिहून दोघा भावांच्या सह्या घ्या. वाटणी झालेल्या घरात तोंडी बोलणं पुढच्या पिढीत भांडण होऊन उभं राहतं.

राहिलं लग्न. दगडकाम दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर सुरू करावं, आणि मार्गशीर्षाच्या आत ते घाईनं उरकायचा हट्ट धरू नये. मापं स्थिर असतील आणि इंजिनिअर हो म्हणाला, तर लग्नात टेकू तसेच राहू द्या आणि काम नंतर करा. तो नाही म्हणाला तर खोली बंद ठेवा. दोन्ही परिस्थितींत त्या स्वयंपाकघरात आचाऱ्यांची भट्टी, पाहुण्यांची गर्दी आणि त्या गच्चीवर मांडव नको. स्वयंपाक अंगणात मांडव घालून करा, जेवणावळी कार्यालयात होऊ द्या. वाकडी भिंत आणि टेकू दिसले तर व्याह्यांना कारण सरळ सांगा. ज्या घरात मुलीला रात्री निर्धास्त झोपता यावं म्हणून आईनं टाक्या उतरवल्या, त्या घराला त्यात कमीपणा नाही.

मापं घेतलीत की दोन्ही बाजूंचे आकडे तारखेसह पाठवा. गच्चीवरच्या सांध्याचा आणि फडताळाच्या दाराचा जवळून काढलेला फोटोही पाठवा. पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा मोजा आणि तेही कळवा.